मुदत संपलेला भाडेपट्टा आणि संपादित झालेली जमीन: ताबा परत मिळवण्याची कायदेशीर वाट

महाराष्ट्रातील खंडकरी शेतकऱ्यांचा प्रश्न जमिनीच्या वादात अडकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी नीट समजून घ्यावा. हरेगाव, टिळकनगर, माळीनगर, वालचंदनगर अशा परिसरांतील शेतकऱ्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात खासगी साखर कारखान्यांना उसासाठी जमिनी खंडाने दिल्या होत्या. मालकी शेतकऱ्यांची होती आणि ताबा कारखान्याचा होता. पुढे १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. त्या कायद्यात ताबा धरणाऱ्याची धारणा मोजली गेली, कारखान्यांकडील जमीन अतिरिक्त ठरली, सरकारजमा झाली आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेली. ज्या शेतकऱ्यांची स्वतःची धारणा मर्यादेच्या पुष्कळ आत होती, त्यांच्याही जमिनी अशा रीतीने गेल्या. त्या परत मिळण्याची वाट पट्टा संपल्याच्या साध्या दाव्यातून निघाली नाही. त्यासाठी मूळ कायद्यात कलम २८-१अअ घालावे लागले आणि प्रत्यक्ष वाटप २०१२ नंतर सुरू झाले.

या इतिहासातून निघणारी गोष्ट पुढील सगळ्या पायऱ्यांना लागू आहे. जमीन परत मागण्याआधी ती आपल्या हातून कोणत्या कायद्याने गेली हे निश्चित करावे लागते. करारानेच गेली असेल तर मालकी आपल्याकडेच राहिलेली असते आणि प्रश्न फक्त ताब्याचा असतो. संपादनाने गेली असेल तर मालकीच शासनाकडे गेलेली असते, आणि मग कायद्याने मोजकी दारे ठेवली आहेत तेवढीच उघडी असतात. हा फरक न पाहता दावा चुकीच्या ठिकाणी दाखल केला तर वर्षे जातात, आणि त्या वर्षांत खरी मुदतही निघून जाते.

पहिली पायरी: कागद गोळा करणे

वकिलाकडे जाण्याआधी जमिनीची साखळी हातात असावी. आजचा सातबारा आणि आठ-अ पुरेसे नसतात. ताबा ज्या वर्षी गेला त्याच्या आधीपासूनचे जुने सातबारे, त्या काळातील पीकपाहणीचे उतारे आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल काढावी. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात या नकला अर्ज करून मिळतात, आणि अनेक जिल्ह्यांचे जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावरही आहेत. शहरी मिळकत असेल तर मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणीकृत दस्ताची सूची दोनची नक्कल घ्यावी.

सरकारने घेतलेल्या जमिनीसाठी यादी वेगळी आहे. भूसंपादन प्रकरणाचा क्रमांक मिळवावा, कारण त्याशिवाय कार्यालयात फाईल सापडत नाही. तो बहुधा फेरफारातच लिहिलेला असतो. त्यानंतर उपविभागीय अधिकारी किंवा विशेष भूसंपादन अधिकारी यांच्याकडे माहितीच्या अधिकाराखाली पुढील गोष्टी मागाव्यात: प्राथमिक अधिसूचना, अंतिम घोषणा, संयुक्त मोजणीचा नकाशा, निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), मोबदला वाटप पत्रक, ताबेपावती आणि ताब्याचा पंचनामा. भूमी अभिलेख कार्यालयातून कमी-जास्त पत्रक, म्हणजे गटाचे क्षेत्र किती कमी-जास्त झाले ते दाखवणारे, रोजच्या बोलण्यातले ‘कजाप’, काढावे. पुष्कळदा गटातील काही भागच संपादित झालेला असतो आणि फेरफार मात्र अख्ख्या गटाचा झालेला असतो. संयुक्त मोजणीचा नकाशा आणि कजाप शेजारी ठेवले की हा घोळ लगेच दिसतो. तेवढ्यापुरती जमीन परत मिळवायला उच्च न्यायालयात जाण्याची गरज नसते, महसुली नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते.

या टप्प्यावर हेही ध्यानात ठेवावे की फेरफार हा मालकीचा दाखला नव्हे. सातबाऱ्यावर आपले नाव राहिले म्हणून संपादन रद्द ठरत नाही, आणि नाव कमी झाले म्हणून मालकी जातेच असेही नाही.

दुसरी पायरी: भाडेपट्टा खरोखर संपला आहे का

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १११ नुसार ठरलेली मुदत संपली की पट्टा आपोआप संपतो, आणि कलम १०८ नुसार भाडेकरूने ताबा परत देणे बंधनकारक असते. अशा वेळी कलम १०६ ची, म्हणजे पट्टा संपवण्याची, नोटीस कायद्याने आवश्यक नसते. तरीही नोटीस द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढे समोरचा पक्ष हमखास सांगतो की मालकाच्या संमतीनेच आम्ही राहिलो.

इथेच बहुतेक वाद जन्म घेतात. कलम ११६ म्हणते की मुदत संपल्यावरही भाडेकरू राहिला आणि मालकाने भाडे स्वीकारले किंवा अन्य रीतीने संमती दिली, तर पट्टा वर्षागणिक किंवा महिन्यागणिक पुढे चालू राहतो. पूर्वी भाडे रोखीने यायचे आणि मालक पावती फाडायचा, त्यामुळे निदान विचार करायला वेळ असे. आता पट्ट्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि ५ एप्रिलला ठरलेली रक्कम बँक खात्यात परस्पर जमा होते. मालक काहीच करत नाही, आणि दोन वर्षांनी तोच खातेउतारा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल होतो. न्यायालय केवळ रक्कम जमा झाल्यावरून निष्कर्ष काढत नाही, दोन्ही पक्षांचा हेतू पाहते, हे खरे आहे. परंतु तो हेतू कागदावर असायला हवा. म्हणून पहिली रक्कम जमा होताच नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवावे की पट्टा अमुक तारखेस संपला आहे, ही रक्कम भाडे म्हणून नव्हे तर विनापरवाना वापराच्या भरपाईपोटी, आमच्या हक्कांना बाधा न येता ठेवून घेतली आहे आणि ताबा द्यावा. रक्कम परत पाठवणे शक्य असेल तर त्याहून चांगले.

पट्ट्याची नोंदणी झाली होती का, हेही तपासावे. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा किंवा वर्षागणिक पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. साध्या कागदावर दहा वर्षांचा करार लिहिला असेल तर त्या दहा वर्षांचा आधार दोघांनाही घेता येत नाही. संबंध बहुधा महिन्यागणिक धरला जातो आणि तो संपवण्यासाठी १५ दिवसांची नोटीस लागते. उत्पादन किंवा शेतीसाठीच्या वर्षागणिक पट्ट्याला ही मुदत सहा महिन्यांची आहे. दोन्हींत मुदत नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे टपालाची पोच जपून ठेवावी.

नूतनीकरणाचे कलम असलेल्या पट्ट्यात भाडेकरू म्हणतो की मला पुढची मुदत आपोआप मिळाली. तसे नसते. नूतनीकरणाचा पर्याय करारात सांगितलेल्या वेळेत आणि रीतीने वापरावा लागतो, आणि लांब मुदतीसाठी नवा नोंदणीकृत दस्त लागतो.

तिसरी पायरी: कोणता कायदा मध्ये येतो

इमारतीतील घर, दुकान किंवा गोदाम असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ पाहावाच लागतो. हा कायदा लागू असलेल्या भाडेकरूविरुद्ध ‘मुदत संपली’ एवढे कारण पुरत नाही. थकबाकी, स्वतःची खरी गरज, विनापरवाना पोटभाडेकरू ठेवणे अशी कायद्यातील कारणे सिद्ध करावी लागतात, आणि थकबाकीच्या कारणावर दावा करण्याआधी ९० दिवसांची मागणी नोटीस द्यावी लागते. परंतु बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचे संरक्षण नाही. भाडेकरू कंपनी असेल तर तिचे भरणा भांडवल कंपनी निबंधकांच्या अभिलेखातून काढून दाव्यासोबत जोडावे. तेवढ्या एका कागदाने दाव्याचे स्वरूपच बदलते. तसेच १९९९ च्या कायद्यातील व्याख्येत निव्वळ मोकळी जागा बसत नाही. ती आधीच्या १९४७ च्या कायद्यात बसत होती, म्हणून जुन्या मोकळ्या भूखंडांच्या पट्ट्यांत कोणता कायदा केव्हा लागू होता हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

राहण्यासाठी दिलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात मार्ग सोपा आहे. याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे.

शेतजमिनीत फार सांभाळून पाऊल टाकावे लागते. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा कूळकायदा, विदर्भात १९५८ चा आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५० चा कायदा लागू आहे. १९४८ च्या कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन असून त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. त्यानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीतही कुळाला खरेदीचा हक्क दिलेला आहे. म्हणून ‘खंडाची मुदत संपली’ असे म्हणून दिवाणी न्यायालयात जाणाऱ्या मालकाला प्रतिवादी कूळ असल्याचा मुद्दा भेटतो, आणि कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तहसीलदाराकडे असल्याने दिवाणी दावा थांबून प्रश्न तिकडे जातो. कुळाकडून ताबा घ्यायचा तर तहसीलदाराचा आदेश लागतोच. ऊस, फळबाग अशा पिकांसाठीच्या काही पट्ट्यांना कलम ४३-अ मध्ये वेगळी वागणूक आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘साधे कूळ’ अशी नोंद आहे का आणि जुन्या पीकपाहणीत ‘रीत’ व ‘जमीन करणाराचे नाव’ या रकान्यांत काय लिहिले आहे, हे दावा लिहिण्याआधी वाचावे.

चौथी पायरी: दावा, भरपाई आणि अंमलबजावणी

कुलूप तोडणे, पाणी-वीज बंद करणे, माणसे नेऊन ताबा घेणे यांपैकी काहीही करू नये. मुदत संपलेल्या भाडेकरूचा ताबाही कायद्याच्या मार्गानेच काढता येतो. उलट तुम्ही बळाने ताबा घेतला तर तो सहा महिन्यांच्या आत विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात तुमची मालकी विचारातही घेतली जात नाही.

पट्टा संपल्यापासून १२ वर्षांच्या आत ताब्याचा दावा दाखल करावा लागतो. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात जातो. इतर ठिकाणी लघुवाद न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर दिवाणी न्यायालयात. शासन प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. जागेत पोटभाडेकरू असतील तर त्यांनाही पक्षकार करावे, नाहीतर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या दिवशी दारात नवे नाव उभे राहते.

ताब्यासोबत मुदत संपल्यापासून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंतची भरपाई बाजारभावाने मागावी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात स्पष्ट केले आहे की निष्कासनाच्या हुकूमनाम्याला स्थगिती देताना अपिली न्यायालय भाडेकरूवर जुन्या भाड्याऐवजी वाजवी रक्कम भरण्याची अट घालू शकते. अपिलात रेंगाळणाऱ्या वादावर माझ्या मते याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. यासाठी त्याच रस्त्यावरील दोन-तीन अलीकडच्या नोंदणीकृत करारांच्या नकला आधीच जमवून ठेवाव्यात. हुकूमनामा मिळाल्यावर दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लगेच लावावी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा निर्देश दिलेला आहे, आणि तारखा लांबत असतील तर त्याचा हवाला देता येतो.

पाचवी पायरी: सरकारने घेतलेली जमीन

संपादनाचा निवाडा झाला आणि ताबा घेतला की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित होते. त्यानंतर ती पडून राहिली, किंवा शाळेसाठी घेऊन तिथे कार्यालय झाले, एवढ्याने ती परत मिळत नाही. हे ऐकायला कठोर वाटते, पण गावोगावी ‘परत मिळवून देतो’ असे सांगून कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेणारी माणसे फिरत असल्यामुळे हे आधी सांगणे मला गरजेचे वाटते. भूसंपादन रद्द ठरवण्यासाठी दिवाणी दावा चालत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांखेरीज १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील लोकांना तिथे जाता येते.

आता उघडी दारे पाहू.

पहिले दार २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) चे. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जुन्या १८९४ च्या कायद्याखालील निवाडा त्याआधी पाच वर्षे किंवा अधिक काळ झालेला असेल आणि ताबाही घेतला नसेल व मोबदलाही दिला नसेल, तर संपादन व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द ठरते. २०१४ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या प्रकरणातील निकालानंतर दोहोंपैकी एक गोष्ट झाली नसली तरी पुरे, असा अर्थ घेऊन असंख्य याचिका दाखल झाल्या. ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो अर्थ बाजूला सारला. आज दोन्ही गोष्टी झालेल्या नसणे आवश्यक आहे. शिवाय मोकळ्या जमिनीचा ताबा पंचनाम्याने घेतला तरी तो वैध ताबा मानला जातो, आणि त्यानंतर मूळ मालक तिथे पेरणी करत राहिला तरी त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच वर सांगितलेला पंचनामा इतका महत्त्वाचा आहे. त्यावर तारीख आहे का, पंचांच्या सह्या आहेत का, तो तुमच्याच गट क्रमांकाचा आहे का, हे बारकाईने पाहावे. पंचनामाच नसेल आणि मोबदल्याची रक्कमही दिलेली नसेल तरच या दाराशी जावे. प्राथमिक अधिसूचनेनंतर जमीन विकत घेतलेल्या व्यक्तीला हा लाभ मागता येत नाही, वारसांना येतो.

दुसरे दार त्याच कायद्याच्या कलम १०१ चे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे जमीन वापराविना राहिली तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना परत करावी अथवा शासनाच्या भूमी बँकेत जमा करावी, असे ते सांगते. यातील ‘अथवा’ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि १८९४ च्या कायद्याने पूर्ण झालेल्या संपादनांना हे कलम लागू होत नाही.

तिसरे दार आरक्षणाचे, आणि माझ्या मते शहरांभोवतीच्या जमीनमालकांसाठी हेच सर्वांत उपयोगी आहे. विकास आराखड्यात उद्यान, शाळा किंवा रस्ता असे आरक्षण टाकले म्हणजे जमीन संपादित झाली असे नव्हे. मालकी तुमचीच असते, फक्त वापर अडकलेला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही किंवा तिच्या संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालक खरेदी नोटीस देऊ शकतो. नोटिशीसोबत मालकी व हितसंबंधांची कागदपत्रे जोडणे सक्तीचे आहे, आणि नियोजन प्राधिकरणाच्या हातात हाच पळवाटीचा मुद्दा असतो. सर्व सहधारकांच्या सह्या घ्याव्यात, सातबारा अद्ययावत लावावा, मोजणी नकाशा जोडावा आणि पोच घ्यावी. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची खरी पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. महापालिकेने नुसता ठराव केला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले, हे पाऊल ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात म्हटले आहे. मुदत संपल्यावर शासनाकडे राजपत्रातील आदेशाची मागणी करावी आणि तो निघाला नाही तर रिट याचिका करावी.

चौथे दार अशा जमिनींचे, जिथे संपादनच झाले नाही आणि रस्ता, कालवा किंवा वसाहत मात्र झाली. घटनेच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. विद्यादेवी प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शासनाला नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल ताब्याचा (दीर्घकाळच्या ताब्यामुळे मालक झाल्याचा) हक्क सांगता येणार नाही आणि अशा प्रकरणात केवळ विलंब हा बचाव चालणार नाही. आपल्याकडचे तुकाराम काना जोशी विरुद्ध महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हे प्रकरणही याच प्रकारचे आहे. ठाणे जिल्ह्यातील जमीन साठच्या दशकात घेतली गेली, मोबदला दशकानुदशके मिळाला नाही, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्याने संपादन करून मोबदला देण्याचे आदेश दिले. अशा प्रकरणांत बांधकाम उभे राहिलेले असल्याने प्रत्यक्ष जमीन क्वचित परत येते, आजच्या दराचा मोबदला मात्र मिळू शकतो.

आकारी पड जमिनींचा प्रकार याहून निराळा आहे. शेतसारा किंवा तगाई (शेतीसाठीचे सरकारी कर्ज) थकल्यामुळे सरकारने ताब्यात घेतलेल्या या जमिनी मूळ मालकांच्या वारसांना परत देण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम २२० मध्ये दुरुस्ती करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. इथे न्यायालयात न जाता, वारसदाखला आणि जुन्या फेरफारासह जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणे हा पहिला मार्ग आहे.

सहावी पायरी: जमीन येणार नसेल तेव्हा

वरील एकही दार लागू नसेल तर सगळी ताकद मोबदल्यावर लावावी. रक्कम स्वीकारताना पावतीवर ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारली’ असे स्वतःच्या हाताने लिहावे. हे चार शब्द नसले तर वाढीव मोबदल्याचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अर्जाची मुदत अत्यंत कमी आहे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर निवाड्यापासून सहा आठवडे. शेजाऱ्याला त्याच अधिसूचनेखाली न्यायालयाने वाढीव दर दिला असेल तर तेवढाच दर मागण्याचा अर्ज त्या निर्णयापासून तीन महिन्यांत करता येतो. एका गावातील खातेदारांनी एकमेकांना निकालाच्या तारखा कळवत राहणे म्हणूनच फार मोलाचे असते. नवी मुंबईसारख्या ठिकाणी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आहे. तिथे वारसांच्या नावांची नोंद आधी पूर्ण करावी.

आदेश मिळाल्यानंतर

ताबा परत मिळाला की त्याच दिवशी ताबेपावती आणि पंचनामा करून घ्यावा, छायाचित्रे काढावीत आणि आठवडाभरात तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्यावा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्याव्यात, कारण कित्येक वर्षे दुसऱ्याच्या ताब्यात असलेल्या जमिनीचे बांध बहुधा सरकलेले असतात. शासनाकडून परत आलेली जमीन सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन म्हणून लागली आहे का ते पाहावे. तसे असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, आणि वर्ग एक करून घेण्याचा अर्ज कोणत्या अटींवर करता येतो हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे.